शंभर किलो कमी

सोमवार

टाकी रविवारी धुऊन घेतली आणि रात्रभर तिन्ही झाकणं उघडी ठेवून वाळवली. सकाळी साडेसहाला बुटीबोरीच्या पुढे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटवर गाडी लावली, तर आमचा नंबर अकरावा. भाचा म्हणाला, "मामा, हे लोकं का रात्रीच येऊन राहिले?" रात्रीच येतात. टँकरच्या धंद्यात पहाट म्हणजे उशीर.

गाडी दहाचाकी, मालासकट २८ टन पासिंगची, टाकी एकवीस हजार लिटरची, आत तीन कप्पे. आरसीवर नाव माझं, बँकेचा हप्ता माझा, टायर फुटला तर तोही माझा. दारावर मात्र कंपनीचं नाव, हातभर अक्षरात. गाडीचा रंगसुद्धा त्यांचा, आणि तो मारायचे पैसे मी दिले. याला आमच्यात 'गाडी अटॅच आहे' म्हणतात. मोठी वाहतूक कंपनी तेलवाल्या कारखान्यांशी वर्षाचा करार करते, पण तिच्या स्वतःच्या गाड्या मोजक्या. बाकी सगळ्या आमच्यासारख्यांच्या. बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक पावती तिची, डिझेल कार्ड तिचं, फास्टॅग तिचा, जीपीएस तिचा. महिन्याच्या शेवटी हे सगळं आमच्या भाड्यातून वळतं झालं की उरेल ते खात्यात.

अकराच्या सुमारास लॅबवाला पोरगा टाकीवर चढला. बॅटरी आत मारली, मग काठीला पांढरं फडकं बांधून तळाशी फिरवलं. फडकं वर काढून आधी बघितलं, मग हुंगलं. खाण्याच्या तेलाच्या गाडीची परीक्षा ही एवढीच, पण यात नापास झालात तर दिवस गेला. "मागचे तीन माल कोणते?" त्याने विचारलं. पाम, सोया, सोया. वॉशिंगचं सर्टिफिकेट दाखवलं, सही झाली.

भरायला पाच वाजले. पाइपातून तेल पडताना बघत बसायला मला अजून आवडतं. कच्चं सोयातेल पिवळसर तपकिरी असतं, त्याला ओल्या डाळीसारखा वास. सोयाबीनमध्ये तेल साधारण अठरा-वीस टक्के, म्हणजे माझ्या गाडीतल्या अठरा टनांसाठी शंभरेक टन सोयाबीन दळलं गेलं असणार. गेटवर शेजारीच मालाच्या गाड्या उभ्या होत्या. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि माझ्या साळ्याने दिवाळीआधी हजाराने खाली विकलं. त्याला घाई होती. हप्ता सगळ्यांनाच असतो.

काटा झाला, म्हणजे गाडीचं वजन झालं, झाकणांना आणि खालच्या व्हॉल्व्हला सील लागले, सीलचे नंबर बिल्टीवर चढले. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा परवाना, चार दिवसांचं निघालं, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने. माल तळोज्याला. रात्री शिवमडक्याजवळ गाडी लावून केबिनमध्येच खिचडी टाकली.

मंगळवार

पहाटे पाचला समृद्धीवर चढलो. नागपूर ते शिर्डी हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडा ५ जून २०२५ ला. आता सातशे एक किलोमीटर सलग. त्याआधी अमरावती, अकोला, जळगाव, धुळे करत कसारा घाट उतरायचा, तो मार्ग मी दहा वर्षं केला. जुन्या रस्त्यावर टोल थोडे थोडे करून जात, म्हणून दुखत नसत. इथे तीन एक्सलच्या गाडीला एका बाजूचे पाच हजारांवर एकदम कटतात. कंपनीला माल लवकर पोचायला हवा म्हणून समृद्धी सक्तीची, आणि टोल माझ्या भाड्यातून. ही सक्ती कोणी लेखी दिलेली नाही. जुन्या रस्त्याने गेलात तर पुढचं लोडिंग उशिरा लागतं, एवढंच.

रस्ता चांगला आहे, यात वाद नाही. फक्त तो इतका सरळ आहे की माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो. जड गाडीला ऐंशीची मर्यादा आहे, पण भरल्या टँकरला मी पंचावन्नच्या वर काढत नाही. वर्धा गेलं, धामणगाव गेलं. भाच्याला मी बोलतं ठेवतो, तो मला बोलतं ठेवतो. कारंज्याच्या अलीकडे एक कार पुढे आमच्याच लेनमध्ये अचानक हळू झाली आणि मला ब्रेक दाबावा लागला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि मग दीड सेकंदाने पाठीत धक्का बसला.

"हे काय होतं मामा?"

"तेल."

टँकरची गाडी थांबते, तेल थांबत नाही. तेल तापलं की फुगतं म्हणून टाकीत वर वीतभर जागा सोडावीच लागते, आणि त्या वीतभर जागेत अठरा टन माल पुढे येऊन परत मागे जातो. कप्पे असले तरी. अर्धी भरलेली गाडी तर वळणावर अशी ओढते की स्टिअरिंग आपलं राहत नाही. म्हणून अर्ध्या मालाची गाडी मी घेत नाही, भाडं पूर्ण देतो म्हणाले तरी. भाचा सहा महिन्यांपासून लायसन्सच्या मागे लागला आहे. त्याला मी म्हटलं, हा धक्का पाठीला ओळखीचा झाला की मग स्टिअरिंग मागजो.

शेलूबाजारच्या पुढे चहासाठी थांबलो. वीस मिनिटं झाली नसतील, कंपनीच्या कंट्रोल रूमचा फोन. "सर, गाडी का थांबली आहे?" आवाज विशीतल्या पोराचा, फार अदबीचा. चहा पितोय म्हटलं. "किती वेळ लागेल सर?" कपाचं माप सांगावं असं वाटलं, पण दहा मिनिटं म्हणालो.

सिंदखेडराजाच्या टप्प्यावर माझा हात आपोआप छातीशी जातो. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून निघालेली बस तिथे पेटली आणि पंचवीस माणसं गेली. तो भाग येतो तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघंही बोलत नाही.

शिर्डीच्या पुढे मुक्काम. रात्री बायकोचा फोन आला. "जेवले का तुम्ही?" जेवलो. "स्वेटर घातलं का?" घातलं. मग तिने हप्त्याची तारीख सांगितली, जणू मला माहीत नाही.

बुधवार

इगतपुरीचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. कसाऱ्यात दुसऱ्या गिअरवर, ब्रेकचा जळका वास घेत जे दीड तास जात, ते आता काही मिनिटांत संपतं. समृद्धीवर टोलचं एवढं बोललो, पण या बोगद्याचे पैसे मी कुरकुर न करता देतो.

आमण्याला उतरलो आणि मुंबईचं खरं अंतर सुरू झालं. भिवंडी, कल्याण, शीळफाटा. सातशे किलोमीटरला जेवढं डोकं लागलं नाही तेवढं या पन्नासेकात लागलं. तळोज्याच्या रिफायनरीच्या गेटवर दुपारी तीनला पोचलो. वॉचमनने कागद बघितले. "लाइनीत लावा. आज होणार नाही."

गेट रजिस्टरला नोंद करा म्हटलं तर म्हणाला, "गाडी आत आल्यावर."

ही एक ओळ बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आमच्या करारात असं आहे की पोचल्यापासून चोवीस तास फुकट, त्यापुढे हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे, दिवसाला दीड हजार. आणि पोचल्याची वेळ म्हणजे गेट रजिस्टरची वेळ. मग गेटवाले गाडी आत घेईपर्यंत लिहीतच नाहीत. बाहेर दोन दिवस उभे राहा, कागदावर तुम्ही आलेलेच नाही.

मागे एकदा मी ऑफिसला म्हटलं होतं, तुमच्या जीपीएसवर बघा ना, गाडी कधीपासून गेटवर आहे ते. उत्तर आलं, जीपीएसचं रेकॉर्ड हॉल्टिंगला धरत नाहीत.

चहाच्या वीस मिनिटांना धरतात.

रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून भाच्याने पिठलं केलं. मागच्या गाडीवाला नांदेडचा निघाला, त्याने कांदा आणला, आम्ही मिरच्या दिल्या. त्याची गाडी बाजारात चालते, कुणाशी अटॅच नाही. भाडं त्याला माझ्यापेक्षा बरं मिळालं होतं. पण तळोज्याहून परतीचा माल नव्हता, दलाल दोन दिवसांपासून 'आज सांगतो' म्हणत होता. मी पाच वर्षं नागपूरच्या वाडीत तेच केलं आहे. एका पावसाळ्यात अकरा दिवस गाडी उभी होती, आणि बारीक पावसात रोज बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करून बंद करायचो. डिझेलही जायचं, जीवही जायचा. त्यानंतर गाडी कंपनीला लावली.

गुरुवार

सकाळी दहाला आत घेतलं. म्हणजे एकोणीस तास, आणि एवढ्या वेळात कंट्रोल रूमचा एकही फोन नाही.

खाली व्हायला अडीच तास. काट्यावर वीस किलो कमी भरलं. पंचेचाळीस किलोपर्यंत माफ असतं, अठरा टनाला पाव टक्का. पोचपावतीवर शिक्का घेतला, फोटो काढून ॲपवर टाकला आणि मूळ कागद सीटखालच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. पैसे त्या कागदावर निघतात, पंचेचाळीस दिवसांनी.

कळंबोलीला टाकी धुतली. अडीच हजार, माझ्या खिशातून.

शुक्रवार

परतीच्या मालासाठी उरण. जहाजाने आलेलं पामतेल तिथे बंदराच्या बाजूला टाक्यांच्या फार्ममध्ये ठेवतात, इंडोनेशिया नाहीतर मलेशियाचं. करळ फाट्यापासून कंटेनरच्या ट्रेलरांमध्ये आमची दहाचाकी पोराच्या सायकलीसारखी दिसते. सहा तासांची रांग, त्याबद्दल नवं काही लिहिण्यासारखं नाही.

पामचा रंग बघण्यासारखा. गाजराचा रस असावा तसा नारिंगी, आणि भरताना गरम. टाकीच्या पत्र्यावर हात ठेवला तर काढावासा वाटत नाही. उरणच्या दमट हवेत ते पातळ धार धरून पडतं. भाच्याला वाटलं हेच सोयापेक्षा सोपं. त्याने अजून डिसेंबरात पाम नागपुरात खाली केलेलं नाही.

रिकामा काटा ९,८४० किलो, भरलेला २७,८९०. निव्वळ माल १८,०५०. हे आकडे मी हातावर पेनाने लिहून घेतो. कागद हरवतात.

शनिवार

गाडी चालवली. सिन्नरच्या वर थंडी लागली, मेहकरला जास्त. संध्याकाळी टाकीच्या पत्र्यावर हात ठेवून पाहिला, गार.

रविवार

दुपारी एकला नागपुरातल्या कारखान्याच्या गेटवर. वनस्पती तूप करतात तिथे. रविवार म्हणून अनलोडिंग बंद, उद्या सकाळी या. गाडी पार्किंगला लावली, भाच्याला गाडीजवळ ठेवलं आणि ऑटोने घरी आलो. सहा दिवसांनी आंघोळ गरम पाण्याची. पोरगी म्हणाली, बाबा, तुमच्या अंगाला वडे तळल्यासारखा वास येते.

रात्री पारा दहाच्या आसपास होता. गोधडीत पडल्या पडल्या मला टाकी दिसत होती. कच्चं पाम थंडीत तुपासारखं थिजतं. आधी कडेला, पत्र्याला लागून, मग वरून साय धरावी तसं, आणि मध्ये बराच वेळ पातळ राहतं. दहाच्या थंडीत एक रात्र उभी राहिलेली टाकी म्हणजे आतून जाड लिंपलेली भिंत.

सकाळी निघताना वाटेत तर्री पोहे बांधून घेतले, भाच्यासाठी तर्री वेगळ्या पिशवीत.

सोमवार

टाकीच्या तळाशी वाफेची नळी फिरवलेली असते. कारखान्याची स्टीम त्या नळीला जोडतात, तेल पन्नासच्या आसपास तापलं की पंप ओढतो. कारखान्यात स्टीमचे पॉइंट दोन, बाहेर गाड्या पाच. आम्हाला साडेअकराला जोडलं.

झाकण उघडून बघितलं. वरती नारिंगी साय, तिला चिरा पडलेल्या, चिरांतून वाफ. भाचा बघतच राहिला. तासाभराने मधलं तेल फिरायला लागलं, पण कडेचं हलेना. वाफेची नळी तळाला आहे, बाजूच्या पत्र्याला आणि पुढच्या-मागच्या गोल टोकांना तिची धग कमी पोचते. तिथलं तेल वितळायला वेळच द्यावा लागतो. दुसरा इलाज नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही, हा माझा नियम. आतली हवा कशी आहे ते वरून कळत नाही, आणि खरवडायला उतरलेला माणूस बाहेर आला नाही असं या धंद्यात होतं.

चार वाजता धार बारीक झाली. मी पंपवाल्याला म्हटलं, "भाऊ, अजून अर्धा तास स्टीम राहू दे. कडेचं सुटलं नाही."

"बाहेर चार गाड्या उभ्या हायेत."

"माझंच शॉर्ट निघते ना पण."

"मी काय करू, शिफ्ट सुटून राहिली." त्याचंही खरं होतं. व्हॉल्व्ह बंद झाला.

आत येताना भरलेला काटा २७,८८० झाला होता. उरणपेक्षा दहा किलो कमी, दोन काट्यांत तेवढा फरक चालतो. आता रिकामी गाडी काट्यावर घेतली आणि मी खिडकीतून आकड्याकडे बघत राहिलो. ९,९३०.

माझ्या गाडीचं रिकामं वजन मला पोरीच्या वजनापेक्षा पक्कं माहीत आहे. नव्वद किलो जास्त. ते नव्वद किलो टाकीच्या आत पत्र्याला चिकटून होतं. पण काटा त्याला गाडी म्हणतो. माल उतरला १७,९५०, म्हणजे शंभर किलो कमी. पंचेचाळीसची माफी इथे कामाची नाही, कारण मर्यादेच्या आत असाल तर माफ, आणि एक किलोने ओलांडली तरी पूर्ण कापतात.

ऑफिसला फोन केला. तेल गेलेलं नाही, टाकीत आहे, झाकण उघडून फोटो पाठवतो म्हटलं. समोरच्याने ऐकून घेतलं. तो चांगला माणूस आहे, मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी त्याने मला चार दिवस आधी पेमेंट काढून दिलं होतं. "दादा, फोटो पाठवा. पण पावतीवर शंभर आलं ना, मग पार्टी आमचं कापणार, आम्ही तुमचं." किलोचा भाव ११८ धरला. अकरा हजार आठशे.

काट्याच्या मागे उभं राहून मोबाइलवर हिशेब केला. दोन्हीकडचं भाडं मिळून ब्याण्णव हजार. डिझेल साडेपस्तीस, टोल साडेअकरा, कंपनीचं कमिशन साडेपाच, दोन वेळा धुलाई पाच, खाणं-पिणं आणि वाटेतलं किरकोळ साडेतीन. शॉर्ट वजा करून आठ दिवसांचे एकोणीस हजार दोनशे. त्यात भाच्याचा पगार, टायरची झीज आणि हप्ता. हॉल्टिंग शून्य, कारण कागदावर आम्ही कुठे थांबलोच नाही.

मंगळवार

वाडीच्या वॉशिंग सेंटरवर. इथे त्यांचा बॉयलर आहे, आणि घाई नाही. वॉशिंगवाल्याने टाकीत वाफ सोडून झाकणं लावली आणि तासभर तसंच ठेवलं. मग खालचा व्हॉल्व्ह उघडून त्याखाली ड्रम लावला. आधी पाणी आलं, मग हळूहळू नारिंगी धार, जाड, न तुटणारी. काल अर्धा तास मागत होतो तेच तेल.

भाचा ड्रमजवळ उकिडवा बसून बघत होता. "मामा, या तेलाचे पैसे आपण देल्ले ना?"

"हो."

"मग हे आपलं झालं ना?"

वॉशिंगवाला हसला. टाकीतून निघेल ती गाद त्याची, असा इथला रिवाज आहे. साबणवाले ड्रमने घेऊन जातात. खायच्या कामाचं ते नाही, कच्चं आहे आणि त्यात पाणी गेलेलं. घरी नेऊन करणार काय? मी तसं भाच्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही, दिसत होतं. तो उठून वॉशिंगवाल्याकडे गेला आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिला, हात हलवत. ड्रमकडे बोट, टाकीकडे बोट, मग माझ्याकडे.

तेवढ्यात ऑफिसचा फोन. सोया, तळोजा, परवा सकाळी, तोच प्लांट. लावतो म्हटलं.

भाचा परत आला. वॉशिंगवाल्याने धुलाईचे अडीच हजारांऐवजी तेवीसशे घेतले होते. उरलेले दोनशे त्याने माझ्या हातात ठेवले. नोटा तेलकट होत्या.